चौकातला फळा

बजाजनगरला पाण्याच्या टाकीजवळ जो चौक आहे, तिथल्या भिंतीवर एक काळा फळा आहे. गणेश मंडळानं तो लावला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, आणि लावल्या दिवसापासून त्यावर अक्षर उमाबाईंचं. कुणाच्या घरी कुणी गेलं, नळाला पाणी कधी येणार, डोळ्यांचं शिबिर कुठं आहे, आणि सगळ्यात खाली एक चांगलं वाक्य. नोकरीत होत्या तोवर शाळेत जाता जाता लिहायच्या. निवृत्त झाल्यावर सकाळचा चहा झाला की खडूचा डबा घेऊन निघायच्या. पेपरात आलेलं लोक खोटं म्हणतील, पण "बाईंच्या फळ्यावर आलंय" म्हटलं की बोलणं तिथंच थांबायचं. उमाबाईंना याचा मनातून अभिमान होता, आणि त्यात वावगं काही नव्हतं.

उमाबाई आणि केशवराव इथं राहायला आले तेव्हा बजाजनगर म्हणजे माळरानावर दोऱ्या लावून आखलेले प्लॉट होते. केशवराव कंपनीत हजेरीबाबू. घराण्यात आधी भिक्षुकी, मग कारकुनी. शहरातले नातेवाईक म्हणायचे, "औरंगाबाद सोडून त्या रानात काय राहायला जाताय?" त्या रानात पहिला शेजार मिळाला तो सगीराचा. तिचा नवरा गयासभाई सायकलीचं दुकान चालवायचा. शहरात कर्फ्यू लागला की इथं दुधाची गाडी यायची नाही, आणि मग सगीराच्या शेळीचं दूध उमाबाईंच्या चहात पडायचं. तेव्हाचे चहा उमाबाईंना अजून आठवतात. थोडा वास यायचा, पण कुणी तोंड वाकडं केलं नाही. आता केशवराव गेले, गयासभाईही गेले. दोघी म्हाताऱ्या मधल्या भिंतीवरून बोलत असतात, आणि भिंत दरवर्षी जरा उंच झाल्यासारखी वाटते, कारण दोघींचीही उंची कमी होत चालली आहे.

सगीराची सून लुबना. माहेर पिशोरचं. लग्न होऊन आली तेव्हा मान वर करून बोलत नव्हती, पण बालवाडीचा कोर्स केलेला होता. हळूहळू बायका कंपन्यांत कामाला जाऊ लागल्या. गाव सोडून आलेल्या, एका खोलीत संसार मांडलेल्या, मागं पोर सांभाळायला कुणी नाही. लुबनानं समोरच्या हॉलमध्ये पाळणाघर काढलं. पहिल्या शिफ्टची बस पहाटेच यायची. आईला पोर आणून सोडायला वेळ कुठला? म्हणून लुबना स्वतःच खोल्याखोल्यांतून फिरायची. एक पोर कडेवर, दोन हाताशी, एक बुरख्याचं टोक धरून डुलक्या घेत चाललेलं. अशी ती वरात रोज चौकातून जायची. चहाच्या टपरीवाला अतुल म्हणायचा, "वहिनी, आज अर्धी शाळा झोपलीय." त्या पाळणाघरामुळं कितीजणींच्या नोकऱ्या टिकल्या होत्या, ते त्यांनाच माहीत.

मग मोबाइलवर तो व्हिडिओ आला. कुठल्याशा गावातला, कुणी काढलेला, कधीचा, काही पत्ता नाही. बुरखा घातलेली एक बाई आणि रडणारं एक पोर. खाली लिहिलेलं, मुलं पळवणारी टोळी फिरते आहे. लुबनानं तो पाहिला आणि सासूला दाखवला. सगीरानं भिंतीवरून हाक मारली.

"उमा, ए उमा! हे बघ गे काय आलंय. माझ्या सुनेला तर घोर लागला."

"अगं, असलं रोज येतं," उमाबाई म्हणाल्या. "तिला सांग, निश्चिंत राहा. मी उद्या फळ्यावरच लिहिते."

"हौ, तू लिही. तुझ्या फळ्यावर आलं की लोकांची तोंडं बंद."

दुसऱ्या दिवशी उमाबाईंनी फळा ओल्या फडक्यानं लख्ख पुसला. नेहमीपेक्षा मोठं अक्षर काढलं. लाल आणि पिवळा खडू वापरला. 'बुरखा घालून लहान मुलांना पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, असे मेसेज फिरत आहेत.' इथपर्यंत फळा भरत आला. मग खाली, जरा बारीक, पांढऱ्या खडूनं: 'ही अफवा आहे. विश्वास ठेवू नये.' मागं सरून पाहिलं. काम झालं असं त्यांना वाटलं. चार-पाच दिवस त्यांनी ते पुसलंही नाही, सगळ्यांनी वाचावं म्हणून.

आठवडाही उलटला नसेल. पहाटे लुबना पोरं घेऊन निघाली होती. कंपनीत जाणाऱ्या रत्नमालाची ईश्वरी अंगात कणकण घेऊन उठली होती आणि "आई पाहिजे, आई पाहिजे" म्हणून रडत होती. तिसऱ्या शिफ्टवरून सुटलेली काही माणसं चौकात उभी होती, पलीकडच्या गल्लीत नव्यानं राहायला आलेली.

"ए बाई, पोरं कुणाची?"

"पाळणाघराची आहेत, भाऊ."

"कोणतं पाळणाघर? आम्ही तर नाय ऐकलं. तोंड दाखव आधी."

कुणीतरी ईश्वरीला ओढलं. लुबनानं सोडली नाही, म्हणून कुणीतरी लुबनालाच ओढलं. अतुल हातात गाळणं तसंच घेऊन धावला, "अरे सोडा, आपली लुबनावहिनी हाय ती!" तोवर बाही फाटली होती, मनगट मुरगळलं होतं आणि पोरं रस्त्यात बसून आकांत करत होती. पोलीस आले, नावं लिहून घेतली. त्यातला एकजण हात जोडून म्हणाला, "साहेब, आम्ही काय वाईट मनानं नाय केलं. इथं फळ्यावर पण लिहिलं होतं."

हे उमाबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्या तेव्हा खडूचा डबा घेऊन चौकात पोचल्या होत्या.

नवी माणसं आहेत, नीट वाचलं नसेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष कारभारी भेटले. हा माणूस त्यांच्या हाताखाली शिकलेला.

"बाई, तुम्हीच लिहिलं होतं ना, टोळी आली म्हणून?"

"कारभारी, मी लिहिलं होतं की ती अफवा आहे."

कारभारी खरोखरच गोंधळले. "असं व्हय? मला टोळीचंच ध्यानात राह्यलं बघा."

तो खोटं बोलत नव्हता. शाळेपासून ओळखत होत्या त्या त्याला; खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे.

पाळणाघर जवळजवळ ओस पडलं. आया येऊन दारातच सांगायच्या, "गावाकडून सासू येणार हाय," "आता काही दिस घरीच ठेवते." लुबनाला कुणी थेट बोललं नाही. रत्नमाला देवगाव रंगारीची, मनानं मोकळी बाई. ती उमाबाईंना रस्त्यात म्हणाली, "मला काय लुबनाचं भ्या नाय हो बाई. पण पोरगी तवापासून झोपंत दचकती. आन्‌ आमच्या खोल्यांत समद्या म्हणतेत, नको धाडू. मी एकलीच कशी धाडू?" ईश्वरीला ती शेजारच्या म्हातारीपाशी ठेवून बसला धावायची. ती म्हातारी दिवसाला दोनदा पोरीचं नाव विसरायची.

त्याच सुमारास उमाबाईंची नात सई सुट्टीवर आली. बंगळूरला ती मेंदूवर संशोधन करते, आठवण कशी धरली जाते आणि कशी निसटते यावर. उमाबाईंना ते काम आजवर फारसं कळलेलं नव्हतं. विचारणाऱ्याला त्या "डॉक्टरकीसारखंच काहीतरी" असं सांगत. सईनं ओट्याशी उभं राहून सगळं ऐकून घेतलं.

"आजी, तू लिहिलंस ते खरंच होतं. पण मेंदू 'टोळी' हे चित्र एका जागी ठेवतो आणि 'हे खोटं आहे' ही चिठ्ठी त्याला वरून चिकटवतो. चिठ्ठी लवकर गळून पडते. चित्र राहतं. आणि परत परत पाहिलेलं चित्र ओळखीचं वाटतं. ओळखीचं ते खरं वाटतं."

"म्हणजे मीच ते ठसवलं."

सईनं होकारार्थी मान हलवली. आजीशी खोटं बोलायची सवय तिला नव्हती.

"मग तुमच्या त्या शास्त्रात यावर औषध काय?"

"औषध नाही गं. पण काही गोष्टी कळल्या आहेत. भीतीचं नाव परत काढायचं नाही, खोडायलासुद्धा नाही. त्या जागी दुसरं चित्र द्यायचं, खरं, रोजचं, डोळ्यांना दिसेल असं. आणि माणूस आपल्यासारखी बाकीची माणसं काय करतात ते बघून ठरवतो. एकट्या आईला समजावून उपयोग नाही. चारजणी करताना दिसल्या तर पाचवी येते. पण आजी, हे प्रयोग आम्ही कॉलेजच्या पोरांना खोलीत बसवून केलेले असतात. तुमच्या चौकात काय होईल, मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत."

"पोरांना बसवून म्हणे! आणि मी इतकी वर्षं काय केलं?" उमाबाई चिडून म्हणाल्या, पण ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्या औषधं आणायला गेल्या. समोरून एक बुरखेवाली बाई रडणाऱ्या पोराला फरफटत आणत होती. उमाबाईंचं काळीज धाडकन उडालं, पाय जागीच थबकले. ती बाई जवळ आली तेव्हा कळलं, गोळी-बिस्किटावरून भांडण चाललं होतं. "घर कू चल, तेरे अब्बा कू बोलती," असं काहीतरी म्हणत ती निघून गेली. उमाबाई मात्र दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या. ज्या बायकांच्या हातचं शीरखुर्मा-बिर्याणी खाऊन आयुष्य गेलं, त्यांच्याच कपड्याला पाहून आपल्या छातीत धडधडावं! भिंतीपलीकडं त्या दिवशी त्यांनी हाक मारली नाही. सईला तेवढं सांगितलं.

"धडधडणं तुझ्या हातात नव्हतं, आजी."

"नसेल. पण लागलं मला ते."

मग सगीराच्या घरी बैठक बसली. लुबना मनगटाला पट्टी बांधून कोपऱ्यात. सईनं आपलं सांगितलं: फळ्यावर टोळी, अफवा, खोटं, हे शब्दच नकोत. पाळणाघरात आज काय घडलं तेवढं रोज लिहायचं. सकाळी उमाबाईंनी लुबनाबरोबर चालायचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ज्या दोन-तीन आया अजून पोरं पाठवतात, त्यांनी चौकात येऊनच पोरं हवाली करायची.

सगीराचा पारा चढला. "वा गे वा! माझ्या सुनेला भर रस्त्यात ओढलं आणि फळ्यावर काय लिहायचं? पोरांनी खिचडी खाल्ली?"

"सगीराआजी, मला पटतं तुमचं..."

"तुला पटून काय करू बेटा? ती चोर नाही, एवढं कुणी बोलायचंच नाही का?"

"ते बोललं की लोकांच्या डोक्यात आधी चोरच येतो," सई हळू आवाजात म्हणाली.

कोपऱ्यातून लुबना म्हणाली, "करा. पाळणाघर चाललं पाहिजे. घरात हप्ते आहेत." आणि चहा टाकायला उठली.

तर तसं सुरू झालं. फळ्यावर रोज येऊ लागलं, 'आज लुबनाच्या पाळणाघरात अंशनं पहिल्यांदा स्वतः बुटाची नाडी बांधली.' 'आज मेथीचे ठेपले होते, कुणी टाकले नाहीत.' लोक थांबून वाचायचे, हसायचे. अतुल म्हणायचा, "बाई, त्या नाडीचं काय झालं पुढं?" उमाबाई पहाटे स्वेटर घालून, काठी टेकत लुबनाबरोबर बाकीच्या खोल्यांच्या दारोदार जायच्या. चौकात पोरं हवाली करताना दोन आया दिसल्या, मग तिसरी आली. एक दिवस रत्नमाला ईश्वरीला घेऊन उभी राहिली, डोळे खाली घालून. महिना होईतो हॉलमध्ये पुन्हा गोंगाट झाला. उमाबाईंनी फोनवर सईला सांगितलं तेव्हा पोरगी आनंदानं ओरडलीच.

पण लुबना खुलेना. पोरांशी गोड बोलायची, मोठ्या माणसांशी जेवढ्यास तेवढं. दाराला कडी लावून पुन्हा पुन्हा ओढून बघायची. एका दुपारी पोरं झोपलेली असताना ती उमाबाईंपाशी येऊन बसली. उमाबाईंना ती खाला म्हणायची, मावशी.

"खाला, मी पाळणाघर बंद करते. या महिन्याअखेर."

"अगं, आत्ता तर कुठं पोरं परत आली!"

"माझ्याकडं कुठं आली? तुम्ही बघितलं नाही का? दार उघडतात, आणि पोर तुमच्या हातात देतात. माझ्या हातात नाही. मी समोर उभी असते."

उमाबाईंनी ते पाहिलं होतं. पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. त्यांना वाटलं होतं, म्हातारीचा मान असेल.

"आणि चौकात रोज तीच माणसं भेटतात," लुबना म्हणाली. "आता सलामसुद्धा करतात. जसं काही झालंच नव्हतं. मला मध्येच वाटतं, खरंच झालं होतं का? सईनं सगळ्यांच्या डोक्याचं सांगितलं, खाला. ज्याला ओढलं त्याच्या डोक्याचं काही सांगितलं नाही."

रात्री उमाबाईंनी सईला फोन लावला. ऐकून सई म्हणाली, "ती बरोबर बोलतेय आजी. मी तिला विचारातच घेतलं नाही. पण आता उघड बोललीस तर जपून. आपली चूक कुणी दाखवली की माणूस आधी स्वतःला सावरतो, उलटून येतो. आलेली पोरं पुन्हा थांबतील."

"थांबतील?"

"थांबू शकतात. मला माहीत नाही."

"बरं," उमाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

सकाळी त्यांनी फळा पुसला. नाडी नाही, ठेपले नाहीत, खालचं चांगलं वाक्यही नाही. पांढऱ्या खडूनं, सगळं एकाच मापाच्या अक्षरात लिहिलं: 'या चौकात लुबनावर हात टाकला गेला. ती आपली चूक होती. त्यात पहिली चूक माझी. लुबना, आम्हाला माफ कर. — उमा.'

दुपारपर्यंत चौकात कुजबुज सुरू झाली. "आपली म्हणजे कुणाची? आम्ही कुठं होतो?" "झालं गेलं, बाईंनी कशाला उकरून काढलं?" अतुल तेवढा म्हणाला, "मी होतो इथंच. जरा आधी धावायला पाहिजे होतं." संध्याकाळी कारभारी घरी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बाई, राग मानू नका. फळा मंडळाचा हाय. लोकं नाराज झालेत. उद्यापासून मंडळातला शिवराज लिहील, त्याचंबी अक्षर चांगलं हाय."

"शिवराजला ऱ्हस्व-दीर्घ येत नाही," उमाबाई म्हणाल्या.

"शिकंल." कारभारींचे कान लाल झाले होते. "बाई, मला तरी वाटत होतं की कुणीतरी माफी मागायला... जाऊ द्या. तो डबा राहू द्या तुमच्यापाशीच."

ते गेल्यावर उमाबाईंनी डबा उचलून कपाटावर ठेवला. पुन्हा खाली काढला. मग स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी घासत बसल्या. फळ्यावरचं तोवर कुणीतरी पुसून टाकलं होतं.

भिंतीपलीकडून सगीरानं हाक मारली. "उमा, जेवलीस का गे?"

"नाही."

"ये इकडं. खिचडीच आहे," सगीरा म्हणाली, आणि दोघींना त्याही स्थितीत हसू फुटलं. हसता हसता सगीराचे डोळे भरून आले. लुबना आतून पानं वाढत होती. तिनं फळा वाचला होता, हे कुणी सांगायची गरज नव्हती. उमाबाई जेवून निघाल्या तेव्हा दारापर्यंत आली आणि म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघते, खाला. पुढचं पुढं."

पहाटे दोघी निघाल्या. सई म्हणाली होती तेच झालं. पहिलं दार उघडलं नाही. दुसऱ्या दारातून आवाज आला, "आज नाय धाडायचं." तिसऱ्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. लुबना पुढं चालत राहिली. उमाबाईंचे गुडघे दुखत होते, आणि मनात येत होतं, आपण पुन्हा तेच केलं की काय, तिच्या भल्यासाठी म्हणून तिचं नुकसान.

रत्नमालाच्या दारात दिवा होता. ती कंपनीचा ड्रेस घालून, ईश्वरीला खांद्यावर टाकून उभी होती. पोरगी गाढ झोपलेली. बस यायची वेळ झाली होती. उमाबाई दाराच्या अलीकडं होत्या. सवयीनं त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि हात पुढं केले.

रत्नमाला त्यांच्याकडं बघून थांबली. मग त्यांना वळसा घालून दोन पावलं पुढं गेली आणि लुबनासमोर उभी राहिली.

"रात्री ताप होता हिला," ती म्हणाली. "दुपारी कपाळाला हात लावून बघशील का?"

लुबनानं पोरगी घेतली. झोपेतच ईश्वरीनं तिच्या मानेभोवती हात टाकला. "बघते," लुबना म्हणाली. "तू जा, बस चुकेल."

रत्नमाला धावत गेली. उमाबाईंनी काठी उचलली, आणि त्या दोघी पुढच्या दाराकडं निघाल्या. तेही बंदच होतं.